चित्रपट कोणाच्या डोळ्यांनी पाहावयाचा?

शुक्रवारी चित्रपट प्रदर्शित होतो आणि शनिवार-रविवारपर्यंत त्याला पाचांपैकी किती तारे मिळाले हे सर्वांना कळलेले असते. दोन तारे मिळालेला चित्रपट सुशिक्षित घरांतील चर्चेतून बाद होतो आणि चार तारे मिळालेला पाहिला नसला तरी पाहिल्यासारखे बोलावे लागते. आपल्या चळवळीतील कार्यकर्तेही याला अपवाद नाहीत. शेतमालाच्या भावाविषयी अथवा कामगार कायद्याविषयी वृत्तपत्राचे मत जे डोळे मिटून कधीच स्वीकारणार नाहीत, ते त्याच वृत्तपत्रातील चित्रपटसमीक्षकाचा निवाडा मात्र मुकाट्याने मान्य करतात. चित्रपट ही किरकोळ बाब आहे, अशी त्यामागची समजूत असते. ती समजूत मला मान्य नाही. ज्या समाजात पुस्तक वाचणारे थोडे आणि सभेला येणारे त्याहून थोडे, त्या समाजात माणसे स्वतःविषयी, शेजाऱ्याविषयी आणि सत्तेविषयी जे समज बाळगतात, त्यांतील बराच भाग पडद्यावरून आलेला असतो.

कोणता चित्रपट पाहण्याजोगा, या प्रश्नाचे उत्तर देताना आपले बहुतेक समीक्षक दोन प्रकारे चुकतात, असे माझे मत आहे. श्रमिकांची गर्दी ज्या चित्रपटाला होते त्याकडे ते कुतूहलाने पाहत नाहीत. आणि श्रमिकांचे दुःख ज्या चित्रपटात असते, तो श्रमिकांपर्यंत पोहोचला की नाही, हे ते विचारीत नाहीत. पहिल्या चुकीमागे तुच्छता आहे, दुसरीमागे आत्मसंतुष्टता. दोहोंचे मूळ एकच आहे: प्रेक्षक म्हणजे आपणच, अशी समीक्षकाची धारणा.

‘सोंगाड्या’चा धडा

पहिल्या चुकीचे ठळक उदाहरण मराठीत घडलेले आहे, आणि त्यात आपल्या चळवळीचाही वाटा आहे. दादा कोंडके १९३२ साली मुंबईच्या नायगावात, गिरणीकामगारांच्या वस्तीत जन्मले. काही काळ त्यांनी ‘अपना बाजार’मध्ये नोकरी केली. राष्ट्र सेवा दलाच्या सांस्कृतिक कार्यक्रमांतून त्यांच्यातील नट घडला आणि वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याने त्यांना महाराष्ट्रभर पोहोचविले. म्हणजे हा माणूस आपल्याच अंगणात वाढला होता. १९७१ साली त्यांचा ‘सोंगाड्या’ आला तेव्हा दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात तो लावण्यास नकार मिळाला, कारण तेथे देव आनंद यांचा ‘तेरे मेरे सपने’ लावावयाचा होता. मराठी चित्रपटाला मराठी वस्तीत पडदा मिळावा म्हणून त्या वेळी रस्त्यावर उतरली ती शिवसेना. समाजवादी उतरले नाहीत. पुढे दादा कोंडके शिवसेनेच्या प्रचारसभांतून दिसू लागले, यात नवल ते काय?

गिरणगाव आपल्या हातून निसटले ते एका चित्रपटामुळे नव्हे, हे मी जाणतो. त्याची कारणे राजकीय व आर्थिक आहेत आणि त्यांची चर्चा या स्तंभांतून अनेकदा झालेली आहे. परंतु सुशिक्षित मराठी समीक्षेने ज्याला ‘चावट’ व ‘पाचकळ’ म्हणून मोडीत काढले, तो विनोद तमाशाच्या बतावणीतून आलेला होता. त्यातील भोळसट वाटणारा नायक सावकार, पाटील आणि हवालदार यांची फजिती करीत होता. आणि चाळीतील माणूस आपल्या वरिष्ठाला मनातल्या मनात जे बोलत असे ते पडद्यावर कोणीतरी मोठ्याने बोलत होते. हे समजून घेण्याचे काम समीक्षकांनी केले नाही आणि आपणही केले नाही. ‘पांडू हवालदार’ (१९७५) मध्ये हप्ता खाणारा सखाराम हवालदार आहे आणि केळी विकून पोट भरणारी पारू आहे. अशोक सराफ आणि उषा चव्हाण यांनी ती माणसे ज्या ओळखीने उभी केली, ती ओळख त्या काळच्या पुष्कळ प्रतिष्ठित कौटुंबिक चित्रपटांत सापडणार नाही.

याचा अर्थ दादांचा प्रत्येक चित्रपट पाहण्याजोगा आहे असा नाही. स्त्रीच्या देहावरून केलेला विनोद पुढे पुढे वाढत गेला आणि वरिष्ठाची फजिती मागे पडली. त्यांच्या १९८०नंतरच्या हिंदी चित्रपटांत तर द्व्यर्थाखेरीज फारसे काही उरले नाही. ‘सोंगाड्या’ कोठे संपतो आणि केवळ अश्लीलता कोठे सुरू होते, हे दाखविणे हेच समीक्षकाचे काम होते. सगळ्यालाच एका झाडूने झाडून टाकल्यामुळे ते राहून गेले. प्रेक्षकाला जे आवडते त्यातील चांगले कोणते आणि वाईट कोणते हे सांगणारा माणूस त्याच्याजवळ उरला नाही.

गर्दीला प्रश्न विचारावा

१९९१ साली ‘माहेरची साडी’ आला. विजय कोंडके यांनी दिग्दर्शित केलेला आणि अलका कुबल यांची मुख्य भूमिका असलेला हा चित्रपट राजस्थानी ‘बाई चाली सासरिये’वरून घेतलेला होता. खेड्यापाड्यांतील स्त्रियांनी त्याला केलेली गर्दी मराठीत आजवर दंतकथेसारखी सांगितली जाते. शहरी समीक्षेने त्याची संभावना ‘रडका’ या एका शब्दात केली. निष्कर्षापुरता मी समीक्षकांच्या बाजूचा आहे. छळ सोसणे हाच सुनेचा धर्म असे शिकविणारा चित्रपट चांगला म्हणता येणार नाही. पण लक्षावधी स्त्रिया एकत्र बसून कशासाठी रडल्या, हा प्रश्न विचारल्यावाचून दिलेला निकाल अपुरा आहे. १९८३ साली सासरच्या छळाला गुन्हा ठरविणारे ४९८-अ हे कलम दंडसंहितेत आले. त्याच वर्षी स्त्री मुक्ती संघटनेचे ‘मुलगी झाली हो’ हे पथनाट्य रंगभूमीवर आले. एकीकडे कायदा आणि पथनाट्य, दुसरीकडे आठ वर्षांनी आलेला हा अश्रुपात. घरातील छळाची वेदना दोन्हीकडे एकच होती, मात्र पथनाट्याने तिचे कारण दाखविले आणि चित्रपटाने तिला दैव म्हटले. आणि पडदा गावोगाव होता, पथनाट्य मात्र सर्वत्र पोहोचू शकत नव्हते. समीक्षकाने हे सांगितले असते तर कार्यकर्त्याला काही करण्याजोगे सापडले असते. ‘रडका’ या शब्दातून काहीच सापडत नाही.

३० जून २०२३ रोजी प्रदर्शित झालेल्या केदार शिंदे यांच्या ‘बाईपण भारी देवा’बाबत हेच पुन्हा घडले. सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात, एवढेच त्याचे कथानक. रचना ठोकळेबाज आहे आणि शेवटी सारे काही गोड होते, हे आक्षेप खरे आहेत. परंतु त्या दिवसांत बायका गटागटाने, नऊवारी नेसून, चित्रपटगृहात जात होत्या आणि खेळ संपल्यावर बाहेर फेर धरून नाचत होत्या. मध्यमवयीन गृहिणीने नवऱ्यावाचून, मुलांवाचून, केवळ स्वतःच्या आनंदासाठी तीन तास आणि काही शे रुपये खर्च करणे ही आपल्या समाजात लहान घटना नाही. अर्थशास्त्रात आम्ही घरकामाच्या वेळेची किंमत राष्ट्रीय उत्पन्नात धरीत नाही. ज्या स्त्रीचा वेळ असा बिनमोलाचा मानला जातो, तिने तो स्वतःसाठी मागून घेतला. हा चित्रपट मी चांगला म्हणणार नाही, पण पाहण्याजोगा अवश्य म्हणेन. शक्य तर भरलेल्या चित्रपटगृहात, बायकांच्या मागच्या रांगेत बसून पाहावा. चित्रपटाचा अर्धा अर्थ पडद्यासमोर बसलेला असतो.

स्तुतीची दुसरी बाजू

आता दुसऱ्या चुकीकडे वळतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात पुरस्कार मिळाला, पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि भारताकडून ऑस्करसाठी त्याचीच निवड झाली. त्यातील लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर आरोप असा की, त्यांचे गाणे ऐकून गटार साफ करणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली. ही भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली. २०२१ साली करोनाने त्यांचे निधन झाले. हा चित्रपट मी श्रेष्ठ मानतो. सरकारी वकील बाई संध्याकाळी लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते, कुटुंबासह परप्रांतीयांची टर उडविणारे नाटक पाहून हसते. आणि दुसऱ्या दिवशी न्यायालयात त्याच निर्विकारपणे एका म्हाताऱ्या शाहिराला तुरुंगात ठेवण्याची मागणी करते. अन्याय करण्यासाठी माणूस दुष्ट असावाच लागतो असे नाही, हे इतक्या शांतपणे सांगणारा चित्रपट मराठीत दुसरा मला आठवत नाही.

समीक्षकांनी त्याची स्तुती केली ती योग्यच होती. माझी तक्रार वेगळी आहे. ज्या सफाई कामगाराच्या मृत्यूवर तो उभा आहे, त्याच्या वस्तीत तो किती दाखविला गेला? डोक्यावरून मैला वाहण्याची व गटारात माणूस उतरविण्याची प्रथा बंद करणारा कायदा २०१३ सालचा आहे, आणि तरीही गटारात गुदमरून कामगार मेल्याच्या बातम्या आजही येतात. त्या कामगारांची संघटना करणाऱ्यांना हा चित्रपट म्हणजे एक साधन होते. परंतु कौतुकाचे सारे लेखन व्हेनिस, ऑस्कर आणि दिग्दर्शकाचे वय यांभोवती फिरत राहिले. महोत्सवाचा शिक्का हे समीक्षेच्या दृष्टीने चित्रपटाचे अंतिम गंतव्यस्थान ठरते. माझ्या मते तेथून त्याचा प्रवास सुरू व्हावयास हवा.

नागराज मंजुळे यांच्या दोन चित्रपटांची तुलना येथे उद्बोधक ठरेल. २०१४ साली प्रदर्शित झालेल्या ‘फँड्री’ला समीक्षकांनी डोक्यावर घेतले. डुक्कर पकडून नेणाऱ्या जब्याच्या कुटुंबामागे शाळेच्या भिंतीवर फुले-आंबेडकरांची चित्रे दिसतात, ते दृश्य आणि शेवटी जब्याने भिरकावलेला धोंडा कोणी विसरू शकणार नाही. २०१६ साली ‘सैराट’ आला तेव्हा मात्र काही जाणकारांचा सूर बदलला. गाणी फार, पूर्वार्ध स्वप्नाळू, लांबी अवाजवी, दिग्दर्शकाने बाजाराशी तडजोड केली, असे बोलले गेले. मला हे निदान उलटे वाटते. ज्या तरुणाला जातीविषयीचे व्याख्यान ऐकावयाचे नाही, तो ‘सैराट’च्या गाण्यांसाठी येतो, आर्ची-परश्याच्या प्रेमात सामील होतो, आणि तीन तासांच्या शेवटी तेच प्रेम जातीने कसे संपविले हे पाहून नि:शब्द बाहेर पडतो. पूर्वार्धातील स्वप्न नसते तर त्या शेवटाचा घाव बसला नसता. मराठीत शंभर कोटींचा टप्पा गाठणारा पहिला चित्रपट म्हणून त्याची नोंद झाली, हे भांडवली यश आहे खरे. पण ऑनर किलिंग या विषयावर गावोगावच्या पारावर आणि महाविद्यालयांच्या आवारांत जी चर्चा त्याने घडविली, ती आपल्या कोणत्या परिषदेने घडविली आहे?

बाजाराची घडण

समीक्षकाचे मत एवढे वजनदार का होते, हे अर्थशास्त्राच्या अंगाने पाहिले पाहिजे. तांदूळ हातात घेऊन पारखता येतो. चित्रपट मात्र पैसे देऊन पाहिल्यावाचून कसा आहे हे कळत नाही. अर्थशास्त्रात अशा वस्तूंना अनुभव-वस्तू म्हणतात. त्यांच्या बाजारात आगाऊ माहिती देणाऱ्याचे महत्त्व वाढते. तिकीट जितके महाग तितकी चुकीची किंमत मोठी, आणि म्हणून ताऱ्यांवरचे अवलंबन अधिक. पूर्वी एकपडदा चित्रपटगृहात खालच्या वर्गाचे तिकीट स्वस्त होते, तेव्हा प्रेक्षक स्वतः पाहून ठरवू शकत होता. ‘शोले’विषयी १९७५ साली सुरुवातीची मते प्रतिकूल होती, तरी मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षे चालला. आज तसे घडणे दुरापास्त आहे. पहिल्या तीन दिवसांत गर्दी झाली नाही तर सोमवारी खेळ कमी होतात आणि पुढच्या शुक्रवारी चित्रपट उतरतो. २०२३ साली देशातील दोन सर्वांत मोठ्या मल्टिप्लेक्स कंपन्या एक झाल्या, तेव्हापासून हा निर्णय आणखी थोड्या हातांत गेला आहे. लहान मराठी चित्रपटाला एखादी प्रतिकूल समीक्षा जे नुकसान करते, ते मोठ्या हिंदी चित्रपटाला दहा समीक्षाही करू शकत नाहीत.

शासनाची भूमिकाही पाहण्यासारखी आहे. १९७०च्या दशकात महाराष्ट्र शासनाने मराठी निर्मात्याला भरलेला करमणूक कर पुढील चित्रपटासाठी परत देण्याची योजना केली. त्यात प्रेक्षकाचा कौल हाच मदतीचा आधार होता. पुढे चित्रपटाचा दर्जा समितीने ठरवून अनुदान देण्याची पद्धत आली. म्हणजे समीक्षकाची दृष्टी सार्वजनिक तिजोरीपर्यंत पोहोचली. दोन्ही पद्धतींत गुण-दोष आहेत. पण दुसरीत प्रेक्षकाचा आवाज कोठे आहे, हे विचारले पाहिजे. एप्रिल २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सने मोक्याच्या वेळी मराठी चित्रपट दाखवावा, असे शासनाने जाहीर केले आणि गदारोळानंतर दुपारी बारा ते रात्री नऊ अशी सैल मर्यादा स्वीकारली. दुपारी बाराचा खेळ कोणता कामगार पाहू शकतो? सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के व त्यावरील तिकिटावर १८ टक्के वस्तू-सेवा कर आहे. सवलत योग्यच आहे, पण मॉलमधील पडद्यासमोर शंभर रुपयांची खुर्ची शोधावी लागते.

आमच्या नवी मुंबईत हे चित्र फार स्पष्ट दिसते. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने हे शहर आखले. आज येथील चित्रपटगृहे बहुतांशी मॉलमध्ये आहेत. त्याच शहरात तुर्भ्याच्या बाजारात पाठीवर पोती वाहणारा माथाडी आहे, ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कंत्राटी कामगार आहे, जमीन गमावलेला आगरी-कोळी भूमिपुत्र आहे. चौघांचे कुटुंब मॉलमध्ये चित्रपट पाहावयास गेले तर एका दिवसाच्या मजुरीहून अधिक खर्च होतो. मग तो कामगार हातातल्या फोनवर, तुकड्यातुकड्यांनी, एकटाच चित्रपट पाहतो. समीक्षक ज्याला प्रेक्षक म्हणतो, त्यात हा माणूस धरलेलाच नसतो.

तीन कसोट्या

मग पाहण्याजोगा चित्रपट ठरवावयाचा कसा? गर्दी हाच निकष मानला तर समीक्षकाच्या जागी गल्ला येऊन बसेल, आणि तो मालक अधिक क्रूर आहे. मी तीन प्रश्न सुचवितो.

पहिला प्रश्न: पडद्यावरील माणूस पोटासाठी काय करतो, हे चित्रपटाला ठाऊक आहे काय? असंख्य चित्रपटांत घर असते, मोटार असते, दुःखही असते. पैसा कोठून येतो हे मात्र कधी कळत नाही. दुसरा प्रश्न: दुःखाला कारण दिले आहे की दैव? जब्बार पटेल दिग्दर्शित व विजय तेंडुलकर लिखित ‘सामना’ १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेला. परंतु त्याचे खरे मोल असे की, मारुती कांबळेचे पुढे काय झाले, हा त्यातील मास्तरांचा साधा प्रश्न साखर कारखान्याच्या साऱ्या सत्तेला अस्वस्थ करतो. त्यातील हिंदुराव साकारणारे निळू फुले हेही सेवा दलाच्या कलापथकातून आलेले. तिसरा प्रश्न: चित्रपट प्रेक्षकाला प्रौढ समजतो काय, म्हणजे खेळ संपल्यावर त्याने काही बोलावे यासाठी जागा ठेवतो काय? अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरील ‘सिंहासन’ (१९७९) मी विद्यार्थिदशेत पाहिला. त्यानंतर आम्हा मित्रांत डिकास्टा हा कामगारपुढारी खरा की विकला गेलेला, यावर कितीतरी वाद झाले. तसा वाद घडविणे हे सामर्थ्यच होय.

यावर आक्षेप येईल की, हा प्रचाराचा निकष झाला, कलेचा नव्हे. तो मला मान्य नाही. प्रचारपट दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नावरच अडखळतो. तो कारण आधीच ठरवून येतो आणि प्रेक्षकाला बोलू देत नाही. शिवाय कारागिरी कच्ची असेल तर खरे कारणही खोटे वाटते. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ (१९३६) मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात सत्तावन्न आठवडे चालला आणि व्हेनिसमध्येही नावाजला गेला. देवाच्या नादी लागलेल्या नवऱ्याला घरात दाणा नाही हे बजावणारी आवली त्यात तुकारामाइतकीच खरी आहे. उत्तम कला आणि बहुजनांची गर्दी यांत वैर आहे, ही समजूत मराठी चित्रपटाने अशी फार पूर्वीच खोटी ठरविली आहे.

समीक्षकांचे ऋण मी नाकारीत नाही. भावे-सुकथनकर यांच्या ‘कासव’सारख्या चित्रपटाचे नाव राष्ट्रीय पुरस्कारानंतरही लोकांच्या तोंडी टिकले ते त्यांच्यामुळे. १९६८ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रभात चित्र मंडळाने आणि एकूण फिल्म सोसायटी चळवळीने जगातील उत्तम चित्रपट मराठी माणसाला दाखविले. परंतु ती चळवळ प्रायः मध्यमवर्गातच राहिली. ती तेथून पुढे नेणे हे आपले काम आहे.

ते अशक्य नाही. १९७६ साली श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ गुजरातेतील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन निर्माण केला, आणि तेच शेतकरी आपला चित्रपट पाहावयास लोटले. सहकारातून साखर निघते तसा चित्रपटही निघतो. आपल्या शाखांना निर्मिती झेपणार नाही, पण प्रदर्शन निश्चित झेपेल. वाशी, तुर्भे, ऐरोली, पनवेल येथील शाखांनी महिन्यातून एक रविवार ठरवावा. निर्मात्याकडून रीतसर प्रदर्शनाची परवानगी घ्यावी, वस्तीतील समाजमंदिर किंवा शाळेचे सभागृह मिळवावे, दहा-वीस रुपये वर्गणी ठेवावी. सुरुवात ‘सामना’, ‘कोर्ट’ आणि ‘सैराट’ने करावी, चौथा चित्रपट वस्तीतील बायकांना निवडू द्यावा, मग तो ‘माहेरची साडी’ निघाला तरी चालेल. खेळानंतर अर्धा तास सर्वांनी बोलावे आणि कार्यकर्त्याने शक्यतो गप्प बसून ऐकावे. त्या चर्चेचा वृत्तान्त या साप्ताहिकाकडे पाठवावा. माथाडी कामगाराने आणि घरकाम करणाऱ्या बाईने केलेली चित्रपटसमीक्षा मराठीत अजून छापली जावयाची आहे.